खानदानी लीद

आमच्या घरात भिंतींवर माणसांचे फोटो नाहीत, घोड्यांचे आहेत. लग्न होऊन आले त्या दिवशी सासऱ्यांनी मला दिवाणखान्यातून फिरवून एकेकाची ओळख करून दिली. हा अमक्याचा आजोबा, ही तमक्याची चुलत आजी, हा शर्यतीत दुसरा आला पण त्या दिवशी वारा उलटा होता. शेवटच्या फोटोत एका घोड्याचा लगाम धरून एक बाई उभी होती. मी विचारलं, "या कोण?"

सासरे चष्मा पुसत म्हणाले, "ती होय? ती माझी आई. घोडा हलत होता, म्हणून धरायला उभी केली होती."

अशा घरात मी सून. पेशाने जनावरांची डॉक्टर, आणि त्यातही माझा विषय म्हणजे घोडे, गाढवं आणि त्यांची खेचरं यांच्या आतड्यांत राहणारे सूक्ष्मजीव. लग्न ठरताना नवऱ्याने घरी "मुलगी डॉक्टर आहे" एवढंच सांगितलं होतं. पुढचं सांगायची त्याची हिंमत झाली नाही. त्याला दोष देत नाही. तो स्वभावानेच असा आहे की दोन माणसं भांडत असली की दोघांनाही "तुमचं बरोबर आहे" म्हणतो आणि अंघोळीला जातो. आमच्या घरात त्याच्याइतका स्वच्छ माणूस दुसरा नाही.

खोगिरं ठेवायची जुनी खोली मी मागून घेतली आणि तिची प्रयोगशाळा केली. एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रीज, एक टेबल. काम सोपं. जनावराच्या मागे मागे चालायचं, हातात ट्रे धरायचा, आणि लीद पडली की झेलायची. जमिनीवर पडू द्यायची नाही, कारण मातीतले जंतू तिच्यात शिरले की कोण कुठला हे कळायला मार्ग नाही. जगभर जिथे हे काम चालतं तिथे माझ्यासारखी माणसं ट्रे घेऊन अशीच चालत असतात. पण ते आत्यांना कोण सांगणार?

आत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. सगळ्या घराच्या आत्या. त्या गॅलरीतून ओरडायच्या, "अगं, माणसं बघतायत! चार पावलं लांबून तरी चाल!"

"लांबून चालले तर झेलू कशी, आत्या?"

"मग पुढून चाल!"

सासऱ्यांचं म्हणणं वेगळंच. "सगळं जग घोड्याचं तोंड बघतं. आमची सूनबाई उलटीकडून सुरुवात करते."

घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार आणि त्याच्या हाताखालची माणसं मला पाठीमागे "लीदवहिनी" म्हणतात हे मला कळलं, तेव्हा मी पेंटरला बोलावून त्याच नावाची पाटी प्रयोगशाळेच्या दारावर रंगवून घेतली. मोठ्या अक्षरात. त्यानंतर कुणी पाठीमागे म्हणेना, आणि तोंडावर म्हणायची लाज वाटायला लागली. माझं काम झालं.

आता भानगडबद्दल.

भानगड हे आमच्याकडचं खेचर. त्याची आई म्हणजे आमच्या पागेतली थोरली घोडी. तिचा फोटो दिवाणखान्यात बरोबर मधोमध आहे. बाप म्हणजे वीटभट्टीवरचं एक गाढव, ज्याला कुंपण म्हणजे काय हे कुणी शिकवलं नव्हतं. घोडीच्या वंशावळीत त्या वर्षापुढे "विश्रांती" असं लिहिलेलं आहे. ती विश्रांती चार पायांवर उभी राहून लांब कान हलवायला लागली तेव्हा सासऱ्यांनी तिला मागच्या अंगणात, चाऱ्याच्या गाडीला जुंपून टाकलं. नाव ठेवायची गरज कुणाला वाटली नाही. मोतद्दाराने भानगड म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं. पुढे त्याच घोडीला एका नामांकित घोड्यापासून दिग्विजय झाला. तेव्हा पागेला तोरण लावायचंच काय ते बाकी होतं.

म्हणजे भानगड हा दिग्विजयचा थोरला भाऊ. हे पागेत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं.

मला मात्र भानगड फार आवडायचा. एक तर तो कामाचा. घोड्याला जे गवत हुंगायलाही नको असतं, ते वाळकं चिपाड खाऊन हा गाडी ओढायचा. त्याच्या लिदीत मी वर्षानुवर्षं डोकं घालून बसले होते. काही रहिवासी आईकडचे, बरेचसे बापाकडचे, आणि काही असे की दोन्ही घरांत त्यांना कुणी ओळखत नव्हतं. आईकडच्यांनी म्हणावं हा घोडा नव्हे, बापाकडच्यांनी म्हणावं हा गाढव नव्हे, आणि याने पोटात आपलं स्वतंत्र राज्य थाटलेलं. मलाही या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती. आवडणार नाही तर काय?

तर झालं असं, की अस्सल घोडे पाळणाऱ्यांच्या संघाचा परीक्षक रविवारी आमच्याकडे येणार होता. दिग्विजय अस्सल आहे, असा संघाचा शिक्का त्याच्यावर बसायचा होता. सासरे त्या शिक्क्यासाठी जगत होते. माझ्या दिरांनी, म्हणजे पागेची व्यवस्था बघणाऱ्या धाकट्या भावाने, सगळी तयारी केली. कठडे रंगवले. मोतद्दाराला नवी टोपी आणली. आणि जनावरांच्या दलालाला सांगून टाकलं, की शनिवारी ट्रक घेऊन ये आणि ते खेचर घेऊन जा. पाहुण्यांच्या नजरेला पडायला नको.

मला हे चहाच्या वेळी कळलं.

"कुठे पाठवताय त्याला, भाऊजी?"

"चांगल्या ठिकाणी."

"कुठल्या?"

"चांगल्या, वहिनी. ट्रकवाल्याला माहीत आहे."

"भानगड कुठेही जाणार नाही."

"हा घरातला निर्णय आहे."

"आणि मी काय, पागेत राहते?"

दारात उभा असलेला मोतद्दार खोकला. कारण तसं बघायला गेलं तर मी दिवसातला बराच वेळ पागेतच राहत होते. नवरा म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे," आणि टॉवेल घेऊन उठला.

मी मनाशी ठरवून टाकलं. ट्रक येईल तो रिकामा जाईल. कसं, ते माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात दिग्विजयच्या खुराला कुठलासा खिळा लागला. दिरांनी बाहेरचा डॉक्टर बोलावला, कारण "वहिनी लीद बघतात, पाय कुठे बघतात?" डॉक्टरने खुराला पट्टी बांधली आणि अँटिबायोटिक दिलं. तिथवर ठीक होतं. पण दिरांनी "जंतुसंसर्ग" हा शब्द ऐकला होता आणि परीक्षक येणार होता. त्यांनी खबरदारी म्हणून तेच औषध पागेतल्या सगळ्या घोड्यांच्या खाण्यात मिसळून टाकलं. वर अंगाला चकाकी यावी म्हणून दिग्विजयला धान्याचा खुराक दुप्पट केला.

दोन दिवसांत दिग्विजयला ढाळ लागले. कसले, ते विचारू नका. नवीन रंगवलेले कठडे परत रंगवावे लागले, एवढंच सांगते. मी सलाईन लावलं, बाहेरच्या डॉक्टरने चकाकीचं आणि अँटिबायोटिकचं सगळं बंद केलं, तरी ढाळ थांबेनात. दिग्विजयचे डोळे खोल गेले. मी नमुना घेऊन बघितला. एरवी जिथे बाजार भरलेला असतो तिथे चार टवाळ जंतू रस्त्यावर शिट्या मारत फिरत होते.

जेवणाच्या टेबलावर सगळे जमले. मी सांगितलं, "बाबा, घोडा गवत पचवत नाही. त्याच्या आतड्यातली वस्ती पचवते आणि त्यावर घोडा जगतो. औषधाने ती वस्ती उठली. आता दुसऱ्या निरोगी जनावराची ताजी लीद कोमट मिठाच्या पाण्यात कालवायची, गाळायची आणि नाकातून नळी घालून त्याच्या पोटात सोडायची. म्हणजे वस्ती परत बसायची शक्यता आहे."

आत्यांनी आपलं ताट हळूच पुढे सरकवलं.

"असं करतात?" सासऱ्यांनी विचारलं.

"करतात. खात्री नसते, पण करतात."

सासरे घोड्यासाठी काहीही करायला तयार असतात, हे खरं. त्यांनी घसा साफ केला. "मग चांगल्या घराण्यातली लीद बघायला हवी."

आत्यांचा चेहरा उजळला. स्थळं बघायची म्हटली की त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं. "ती पांढऱ्या पायाची घोडी कशी आहे? आजोबा नावाजलेले."

"औषध खाल्लंय," मी म्हणाले.

"बरं, तो काळा? जरा तापट आहे, पण घर चांगलं."

"त्यानेही खाल्लंय."

"तांबडा?"

"आत्या, भाऊजींनी सगळ्या पागेला औषध चारलंय. सगळ्यांची पोटं धुतलेली आहेत."

"सगळ्यांची नाहीत," दीर स्वतःच्या बचावासाठी घाईघाईने म्हणाले. "भानगडला नाही दिलं. खेचराला कुणी औषध देतं का?"

आणि मग आपण काय बोललो, हे त्यांच्या लक्षात आलं. टेबलाभोवती सगळ्यांच्या लक्षात आलं. नवरा उठायला लागला तर मी त्याचा सदरा धरून ठेवला.

"बाबा," मी म्हणाले, "पागेत भरल्या पोटाचं एकच जनावर उरलंय."

"नाही."

"त्याचं पोट दगडासारखं आहे."

"खेचराची लीद माझ्या घोड्याच्या नाकात घालायची?"

"पोटात, बाबा. नाक फक्त वाट आहे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक नाही, घोडा काय म्हणतो ते बघा. आणि परकं कोण आहे? एका आईची..."

सासऱ्यांनी टेबलावर मूठ आपटली. पाण्याचे पेले हलले. "त्या घोडीचं नाव या टेबलावर काढायचं नाही!"

"बरं. मग अंगणात काढते."

दिरांनी मध्ये पडून मार्ग काढला. वरच्या गावात दुसऱ्या एकांची पागा होती, तिथला एक घोडा फार मोठ्या घराण्यातला. तिथे औषधबिषध काही दिलेलं नव्हतं. ते स्वतः गाडी घेऊन जातील आणि लीद घेऊन येतील. मी म्हटलं, न्या, पण डबा गच्च भरा, झाकण घट्ट लावा, बर्फात ठेवा आणि थांबू नका. या जंतूंना हवा सोसत नाही. दीर म्हणाले, "वहिनी, मला शिकवू नका. मीही घोड्यांत वाढलोय."

शनिवार उजाडला. दिग्विजय आडवा झाला होता. सलाईनच्या दोन बाटल्या लटकत होत्या, आणि सासरे त्याच्या डोक्यापाशी स्टूल टाकून बसले होते. ते घोड्याच्या कानात काहीतरी बोलत होते. मला बघून गप्प झाले.

मी सकाळपासून ट्रे घेऊन भानगडच्या मागे फिरत होते. परवानगी नव्हती, पण लीद तयार असावी असं मला वाटत होतं. आणि भानगडचा एक स्वभाव आहे. कुणी वाट बघत असलं की तो देत नाही. घोड्याची हात घालूनही काढता येते. भानगडच्या मागे हात घेऊन उभं राहायचं धाडस करणारा मोतद्दाराच्या हाताखाली एक होता. तो आता एका कुशीवर झोपतो. मी इकडेतिकडे बघितलं, गुणगुणले, पाठ फिरवली. भानगडही थांबून आभाळाकडे बघत राहिला.

मोतद्दार म्हणाला, "डॉक्टरीणबाई, तुम्ही ट्रे लपवा. त्याला दिसतोय."

"त्याला काय कळतंय?"

"कळत नसतं तर इतका वेळ धरून ठेवली असती का?"

एवढ्यात दिरांची गाडी आली आणि गाडीतून दीर उतरले, पाठोपाठ संघाचा परीक्षक. तो वरच्या पागेत मुक्कामाला होता आणि "तुम्ही जातच आहात तर मीही येतो, उद्याचं आजच उरकू" म्हणून चढून बसला होता. पातळ मिशा, जाड बॅग. दिरांचा चेहरा आंबटलेला होता. मागच्या सीटवर सोनेरी फीत बांधलेला एक देखणा डबा.

सासरे परीक्षकाला घ्यायला बाहेर आले. आत्या आल्या. परीक्षकाने डब्याकडे बोट दाखवून हसत हसत म्हटलं, "रस्ताभर ऊन खात होता बिचारा. माझ्यासाठी एवढं कशाला केलंत?" आणि कुणी काही बोलायच्या आत त्याने फीत ओढली.

त्याचा चेहरा मी वर्णन करत नाही. मीही माणूस आहे.

"भाऊजी," मी डब्यात डोकावून विचारलं, "झाकणाला भोकं कुणी पाडली?"

"मीच. इतका लांबचा प्रवास. आत गुदमरले असते ना!"

"आणि बर्फ?"

"सर्दी झाली असती."

खानदानी लीद वाळून तिच्या गोवऱ्या व्हायच्या बेतात होती. आजोबा, पणजोबा, सगळे उन्हात खलास. मी डबा दिरांच्या हातात परत दिला. "कुंडीत घाला. गुलाब चांगले येतील."

आणि नेमका त्याच वेळी दलालाचा ट्रक मागच्या फाटकातून आत आला. दिरांनी जीव खाऊन हात हलवले, "नंतर, नंतर!" पण दलाल कामाचा माणूस. त्याने फळी टाकली, भानगडच्या गळ्यात दोर घातला आणि ओढायला लागला. भानगडचे पुढचे पाय फळीवर, मागचे जमिनीवर. तो थांबला. दलालाने ओढलं, त्याच्या माणसाने ढकललं. भानगडने कान मागे टाकले, शेपूट उचललं आणि सकाळपासून जे धरून ठेवलं होतं ते सोडलं.

मी धावले. आयुष्यात इतकी धावले नव्हते. ट्रे पुढे करून अर्धी वाकून फळीखाली घुसले आणि सगळी, एक गोळा न सांडता, झेलली. हिरवीगार, गरम, वाफाळती. मोतद्दाराच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आत्यांनी डोळ्यांवर हात घेतला, पण बोटं उघडी ठेवून.

मी ट्रे घेऊन थेट सासऱ्यांसमोर गेले. "बाबा, बोला. वेळ नाही."

त्यांनी मागे वळून दिग्विजयकडे बघितलं. घोड्याची बरगडी वर-खाली होत होती, तीही कशीबशी. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आत ने. दार लावून घे. कुणाला कळायला नको."

"दार लावणार नाही."

"अगं..."

"मी चोरी करत नाहीये, औषध देतेय. उजेडात देणार, सगळ्यांसमोर. आत्या, तुमचे ते जेवणाचे रुमाल द्या, गाळायला."

"घोड्याच्या डोक्याचं भरतकाम केलेले?" आत्या किंचाळल्या.

"तेच. घट्ट विणीचे आहेत."

रुमाल आले. मी लीद पाण्यात कालवली, गाळली. आधी दिग्विजयच्या पोटातलं आम्ल शांत करायचं औषध दिलं, मग नळी घातली. नरसाळं धरायला एक माणूस हवा होता. मोतद्दार घोड्याचं डोकं धरून बसला होता. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने एकदा न्हाणीघराच्या दिशेने बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बाह्या वर करून पुढे आला.

परीक्षक नाकाला रुमाल लावून उभा होता. "हे कुणाचं सोडताय?"

"वरच्या पागेतल्या..." दिरांनी सुरुवात केली.

"भानगडचं," मी म्हणाले. "तो बघा, ट्रकच्या फळीवर उभा आहे तो. आणि भानगड म्हणजे दिग्विजयचा थोरला भाऊ, एकाच आईच्या पोटचा. त्या वर्षी घोडी विश्रांतीवर नव्हती."

नरसाळ्यातलं बुडबुड सगळ्या अंगणाला ऐकू येत होतं. सासरे वळले. स्टुलावर बसले आणि त्यांनी हात परत घोड्याच्या मानेवर ठेवला.

दलालाला मी सांगितलं, "डोस अजून द्यायचेत. खेचर खाली उतरव." त्याने दिरांकडे बघितलं. दिरांनी डब्याकडे बघितलं. भानगड स्वतःच मागे सरकून उतरला.

सोमवारी दिग्विजय उभा राहिला. एका डोसाने नाही. मी भानगडच्या मागे, नवरा नरसाळ्यामागे, असं रोज चाललं. आठवडा संपता संपता पागेत पहिली घट्ट लीद पडली तेव्हा सासरे ती बघायला वाकले आणि त्यांना सरळ होता येईना, तरी तसेच वाकून हसत राहिले.

परीक्षक परत आला. यावेळी शिक्का घेऊन. दिग्विजयचं तोंड, पाय, पाठ, सगळं बघून त्याने बॅग उघडली आणि परत बंद केली.

"एक शंका आहे," तो म्हणाला. "याच्या पोटात आता खेचराचे जंतू आहेत. मग हा घोडा शुद्ध राहिला का?"

मी विचारलं, "तुम्ही आज सकाळी काय खाल्लंत?"

"दही. का?"

"जिवंत जंतूंचं असतं. म्हणजे आता तुम्हाला म्हशींच्या संघात घालायचं का?"

मोतद्दार दुसरीकडे तोंड करून हसला. परीक्षकाच्या मिशा थरथरल्या. "ठीक आहे, जंतूंचं सोडतो. शिक्का मारतो. पण ते खेचर या पागेत राहता कामा नये. त्याच्याकडे बघितलं की घोडीचं सगळं समोर येतं. आज ते गेलं, तर मी काही बघितलं नाही."

दिरांनी लगेच फोन काढला. दलालाचा ट्रक जवळच होता, अर्ध्या तासात येणार म्हणाला.

मी भानगडला मागच्या अंगणातून आणलं आणि दिग्विजयच्या शेजारच्या रिकाम्या खणात बांधलं. दाराला कडी घातली आणि कडीला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूला हो, सूनबाई," सासरे म्हणाले.

"नाही होणार."

"शिक्का आलाय दारात. माझ्या बापाला मिळाला नव्हता."

"मिळू दे ना. मी नको कुठे म्हणतेय? पण भानगड जाणार नाही. उद्या दिग्विजयला परत ढाळ लागले, तर या पागेत दुसरं भरलेलं पोट आहे का? बाकीच्यांची अजून सावरायची आहेत."

"धमकी देतेस?"

"वैद्यकीय सल्ला देतेय. ऐकायला धमकीसारखा येतोय, त्याला मी काय करू?"

सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असावं, हा तरी सांगेल. नवऱ्याने ओठ ओले केले. "बाबा," तो म्हणाला, "तुमचं..." आणि थांबला. मग एका दमात म्हणाला, "तुमचं चूक आहे. हिचं बरोबर आहे." आणि कुठेही गेला नाही. तिथेच उभा राहिला, घामाघूम.

ट्रकचा आवाज यायला लागला. दिग्विजयने कठड्यावरून मान लांब केली आणि शेजारच्या खणातल्या भानगडची मान खाजवायला सुरुवात केली, दातांनी, जशी घोडे एकमेकांची खाजवतात. भानगडने डोळे मिटून घेतले. त्याच्या कपाळावर एक पांढरा पट्टा आहे, वरून रुंद, नाकाकडे निमुळता. तसाच दिवाणखान्यातल्या मधल्या फोटोत आहे. सासऱ्यांनी तो इतक्या वर्षांत बघितला नव्हता, असं मी म्हणणार नाही. बघायचा नाही असं ठरवलेलं होतं.

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. मग परीक्षकाकडे वळले.

"बॅग उचला."

"म्हणजे?"

"म्हणजे शिक्का राहू द्या. माझ्या घोड्याला वाचवलं त्याला मी ट्रकमध्ये घालणार नाही, आणि घोडीचं सगळं समोर येतं तर येऊ दे. ती माझी सगळ्यात चांगली घोडी होती. गाढव आवडलं तिला. आवडलं! तुमच्या संघाला विचारून आवडायला हवं होतं का?"

"अरे, आवाज!" गॅलरीतून आत्या म्हणाल्या.

"ऐकू दे सगळ्यांना!"

ट्रक रिकामा गेला. दिरांनी दलालाला फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येताना बिनशिक्क्याच्या घोड्याकडे बघायचं टाळलं.

नंतर काही दिवस आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. अस्सल घोडेवाल्यांनी आम्हाला वाळीतच टाकलं. मग एका दुपारी मागच्या फाटकाशी कुणीतरी हळूच खाकरलं. मी गेले. वरच्या पागेचा मोतद्दार, शालीखाली बादली लपवून. त्यांच्या घोड्यालाही ढाळ. त्यांच्याकडेही कुणीतरी खबरदारी घेतली होती. दोन दिवसांनी आणखी एक. मी दोघांनाही दिली, पण आधी त्यांची जनावरं तपासली आणि नीट समजावून सांगितलं, की हे काही जादूचं पाणी नाही. तरी लपतछपत येणं मला आवडलं नाही. मी मागच्या फाटकाला कुलूप लावलं.

आत्यांनी त्याचंही वेगळंच केलं. त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायला लागल्या आणि येईल त्याला विचारायला लागल्या, "कुठल्या घराण्यातले? आमच्याकडची लीद आम्ही कुणालाही देत नाही."

"आत्या," मी म्हटलं, "आजारी आहे तो आला की द्यायची. घराणं विचारायचं नाही."

"अगं, भाव राहत नाही अशाने!"

"नको राहू दे."

आणि मग तो आला. पातळ मिशा, जाड बॅग. मागच्या फाटकाला कुलूप बघून त्याने कुंपणाभोवती दोनदा चक्कर मारली, हे मोतद्दाराने वरून बघितलं. शेवटी भर उन्हात, पुढच्या दाराने, सगळ्यांच्या देखत आत आला. माझ्यापाशी येऊन अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "माझ्या घोडीला... पोटाचा त्रास आहे."

"वाईट झालं. मग?"

"ते... तुमच्याकडचं... थोडं हवं होतं."

"काय हवं होतं? नीट सांगा."

त्याने इकडेतिकडे बघितलं. सासरे वर्तमानपत्र खाली करून बघत होते. मोतद्दार झाडू टेकून उभा होता. नवरा नरसाळं धुवायचा थांबला.

"लीद," परीक्षक म्हणाला.

"कुणाची?"

"खेचराची."

"आमच्याकडे त्याला नाव आहे. आणि भाऊ आहे."

परीक्षकाच्या कपाळावरून घाम गळायला लागला. त्याने डोळे मिटले आणि मोठ्याने, पार वीटभट्टीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दिग्विजयच्या थोरल्या भावाची, भानगडची लीद हवी आहे!"

"देते की," मी म्हणाले. "घोडीला घेऊन या, आधी तपासते. आणि तोवर रांगेत उभे राहा. तुमच्या आधी कुंभाराचं गाढव आहे."